धाकूने पाहिले बुडबुडे

एका गावात धाकू नावाचा एक भोळा सांब होता. सांगाल तेवढंच करायचा, आणि भलत्याच ठिकाणी करायचा.

त्याची बायको सगुणा कंटाळून माहेरी गेली. धाकूला तिच्याशिवाय जेवण गोड लागेना. शेवटी सासऱ्याने निरोप धाडला, "येऊन बघतो. जावई शहाणा वाटला तर लेक पाठवतो."

आई लागली धाकूला शिकवायला. चुलीवर आधण ठेवून म्हणाली, "बुडबुडे आले की चहापूड टाक." धाकूने टाकली. चहा झकास झाला!

मग तो म्हशीला घेऊन तळ्यावर गेला. म्हशीने पाण्यात तोंड बुडवलं. बुडबुडे आले. धाकू धावत घरी आला आणि चहाचा अख्खा डबा नेऊन तळ्यात ओतला.

आईने कपाळावर हात मारला. "अरे, ती म्हैस श्वास सोडत होती! असे बुडबुडे दिसले की खाली जीव आहे समजावं. हात घालून बाहेर ओढावं."

"बरं आये."

सासऱ्यासाठी आईने आंबोळ्यांचं पीठ भिजवलं. सकाळी पाहतो तर पिठात बुडबुडे! धाकूने कोपरापर्यंत हात घातले. काही लागेना. मग टोपच अंगणात उपडा केला.

"आये, कोण गुदमरत होतं ते सापडलं नाही. फार बारीक असणार."

आईला रडावं की हसावं कळेना. "मेल्या, ते पीठ आंबलं होतं! त्याला हात लावायचा नसतो. झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत फुगून आपसूक वर येतं."

"बरं आये."

एवढ्यात सासरा आला. पायऱ्यांच्या विहिरीवर आंघोळ करताना त्याचा तांब्या निसटून तळाला गेला. गडी पट्टीचा पोहणारा. "आणतो," काठावरच्या धाकूला म्हणाला आणि बुडी मारली. पण तांब्या चिखलात रुतलेला. वर नुसते बुडबुडे.

पाणी भरणाऱ्या बायका ओरडल्या, "धाकू, सासरा बुडाला! उडी टाक!"

धाकू दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. "खबरदार कोणी हात लावाल तर!" त्याने नारळाच्या झावळ्यांचा झाप ओढून आणला आणि विहिरीवर नीट झाकला. "आता घरी जा. सकाळपर्यंत फुगून आपसूक वर येतील."

तेवढ्यात झाप हलला. तो बाजूला सारून, तांब्या हातात घेऊन, सासरा धापा टाकत पायऱ्या चढून वर आला. त्याने झापाखालून धाकूचं बोलणं ऐकलं होतं.

धाकू हिरमुसला. म्हणाला, "मामा, एवढी कसली घाई? अजून फुगला कुठे तुम्ही!"