सुनेचा परवाना

सन दोन हजार नऊ, कार्तिक महिना; शरद ऋतू सरत आला होता. त्या काळी वस्तूही आपसांत बोलत असत.

नवी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) येणार म्हणून वाचनालयातील संगणकाने जुनी प्रणाली पार पुसून टाकली. नव्या प्रणालीची तबकडी, म्हणजे सीडी, मात्र आत येताच थबकली.

"संगणकराव, सासूबाई कुठे आहेत?"

"कोण सासूबाई?"

"जुनी प्रणाली! माझा परवाना सुनेचा आहे; जुनी घरात असेल तरच नवीला आत घेतात. सासूवाचून मला इथे नांदता येत नाही."

"अहो, तुमच्याच स्वागतासाठी घर रिकामे केले! आता मी मुका राहिलो, तर मला भंगारात देतील."

जुन्या प्रणालीची तबकडी परसातील पेरूवर पोपटांना भिवविण्यासाठी टांगलेली होती. तिने हे ऐकले.

"पोपटराव, माझा दोरा तोडा आणि मला आत पोहोचवा."

"मग पेरू आमचे?"

"खुशाल खा!"

पोपटांनी दोरा तोडून खिडकीत उतरवताच ती ताठ मानेने म्हणाली, "सूनबाई, अंगावरचे चरे पाहू नका. मी या घरची आहे."

नवी तबकडी अदबीने बाजूला झाली. "आधी तुम्ही, सासूबाई."

मार्गशीर्षातील पहिल्या गुरुवारी जुनी तबकडी मानाने प्रथम आत गेली, तिच्यामागून नवी गेली आणि संगणकाचा पडदा उजळला. पेरूच्या फांदीवर त्या दिवशी नुसता दोरा लोंबत होता.