अत्तरवाल्याची कुलूपबंद मोरी

एका गावात एक अत्तरवाला होता, भिवाशेठ त्याचं नाव. त्याचं नाक असं तिखट, की शेजारच्या गावात कोणी कांदा चिरला तर इकडे याच्या डोळ्यांना पाणी यायचं. पण नाकाहून तिखट त्याचा संशय. आरशातला माणूस आपल्याकडे टक लावून का बघतो, म्हणून त्याने आरसासुद्धा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाने आधी हात धुवायचे, मग मनगटावर अत्तर लावून घ्यायचं. त्यासाठी त्याने दुकानामागे मोरी बांधून घेतली. प्लंबरने मोरीखालच्या पाइपला बाक दिला, तशी शेठच्या कपाळाला आठी पडली.

"पाइप वाकडा का रे?"

"बाकात थोडं पाणी साठून राहतं, शेठ. ते राहू द्या."

"सरळ माणूस सरळ पाइप बसवतो," भिवाशेठ पुटपुटला.

मोरीच्या वाटेवर कुप्यांचं फडताळ होतं. एके दिवशी त्यातली केवड्याची कुपी दिसेना. झालं! लोक हात धुवायला जातात की हात मारायला? त्याने तडक मोरीला कुलूप ठोकलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. गिऱ्हाइकांना म्हणाला, "हात धोतराला पुसा, चालतंय."

उन्हाळा तापला आणि दुकानात वास येऊ लागला. पुढे गुलाब, मागे मोगरा, आणि त्यांच्यामागून वरातीत घुसलेल्या आगंतुकासारखं गटार.

"सुकट भाजलीस काय गं?" त्याने बायकोला दरडावलं.

"अहो, आज एकादशी आहे!" तानूबाई म्हणाली.

मग त्याने मेलेल्या उंदराच्या संशयाने फरशी उखडली. उंदीर निघाला, पण जिवंत, आणि तोही नाक धरून पळाला. शेवटी भिवाशेठने दुकानभर खसचं अत्तर शिंपडलं. गटार आणि खस मिळून जे काही झालं, त्याने भिंतीवरची पाल बिऱ्हाड घेऊन शेजारी राहायला गेली. गिऱ्हाइकं तर कधीच पांगली होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थानचे कारभारी यायचे होते, वर्षभराचं अत्तर निवडायला. ते नाक मुरडून गेले, तर दुकानाला टाळंच लागायचं.

आता संशय उरला समोरच्या लतीफवर. तोही अत्तरवाला, भिवाशेठचा लहानपणापासूनचा मित्र. मध्यंतरी त्याचं दुकान बंद होतं. तो छातीच्या दुखण्याने इस्पितळात आहे असं लोक म्हणत. भिवाशेठला ते पटलं नव्हतं. 'दुखणं कसलं! तिकडे अत्तरांच्या कनोजला जाऊन मला माल देणारा व्यापारी फोडत असेल,' म्हणून तो भेटायलाही गेला नव्हता.

"माझ्या दुकानात घाण सोडतोस?" भर बाजारात तो लतीफवर ओरडला. "उद्या कारभारी यायचेत म्हणून?"

लतीफ हसला. हसताना त्याने बरगडी दाबून धरली. "चल, दाखव कुठे आहे घाण."

वास घेत घेत तो थेट कुलपापाशी थांबला. "हे उघड."

भिवाशेठने कां-कूं करत दार उघडलं, आणि आतून भपकारा आला. लतीफने मोरीच्या जाळीतून खडा टाकला. पाण्याचा आवाज नाही, नुसतं टक्.

"ठणठणीत कोरडी! भिवा, इथे पाणी कधी ओतलंस?"

"कुलूप लावल्यापासून नाही."

लतीफने सदरा वर केला. बरगड्यांमध्ये ताजा व्रण होता. "इस्पितळात इथून नळी घातली होती. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. छातीत अडकलेली हवा बुडबुडे काढत बाहेर जायची, पण बाहेरची आत शिरायची नाही. मधे पाणी होतं ना! बोटभर पाण्यावर जगलो बघ. तुझ्या पाइपच्या बाकातलं पाणीही तसंच गटाराचा वास अडवून बसलेलं असतं. तू हात धुणाऱ्यांना हाकललंस, ते पाणी आटलं."

त्याने तांब्याभर पाणी मोरीत ओतलं. गुळगुळ आवाज झाला आणि भपकारा मधेच तुटला. भिवाशेठने हळूच तांब्या हुंगला.

"काय टाकलंस यात?"

"पाणी रे बाबा!"

"पण तू का सांगितलंस मला? उद्या कारभारी आपसूक तुझ्याकडे आले असते."

"गिऱ्हाइकाने माझ्या सुवासासाठी यावं, भिवा. तुझ्या घाणीला कंटाळून नव्हे."

भिवाशेठची मान खाली गेली आणि नजर मोरीच्या कोनाड्यावर पडली. केवड्याची कुपी तिथेच होती. हात धुताना भिवाशेठनेच ठेवलेली.

त्याने दुकानाच्या खिडक्या सताड उघडल्या. सकाळी कारभारी आले, तेव्हा मोरीपाशी तो स्वतः तांब्या घेऊन उभा होता. कारभाऱ्यांनी त्याच्याकडचा मोगरा घेतला. "आणि गुलाब?" त्यांनी विचारलं.

भिवाशेठने खोल श्वास घेतला आणि समोर बोट दाखवलं. "गुलाब लतीफचाच घ्या. माझं नाक सांगतंय."

तात्पर्य: संशयाचं कुलूप माणसांना बाहेर ठेवतं आणि घाण आत घेतं, येणाऱ्याच्या हातावर पाणी घालणाऱ्याचंच घर निर्मळ राहतं.