चिंचबारवेचं टिपण

“पण हे म्हणतंय कोण?”

ओव्हाळ गुरुजींनी कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरलं होतं. चष्मा कपाळावर होता आणि तो तिथे आहे हे ते नेहमीप्रमाणे विसरले होते.

“पत्र म्हणतंय, गुरुजी,” कुमुद म्हणाली. “वर लिहिलंय की. रुमाल सातवा, पत्र बारावं.”

“ते वाचलं मी. खालचं वाक्य कोण म्हणतं?”

“तेच पत्र.”

“असं...”

गुरुजींनी ‘असं’ म्हटलं की समोरच्यानं सावध व्हावं, हे वाचनालयात येणाऱ्या साऱ्यांना ठाऊक होतं. कुमुद दाभाडेला ठाऊक नव्हतं. तिला पुण्याहून येऊन तीनच महिने झाले होते, आणि त्यातला बराचसा वेळ ती स्वतःवर खूश होती.

खूश असायला कारणही होतं म्हणा. चारशे बारा कार्डं. एकसारखं अक्षर, तीन रंगांची शाई, प्रत्येक गठ्ठ्याला साटीनची फीत. विद्यापीठात सुवर्णपदक मिळवलेली मुलगी ती, तिनं नीटनेटकं काम करायचं नाही तर कुणी करायचं?

ते दिवसच कार्डांचे होते. त्र्याहत्तर साल. आज कुमुदताईंचे विद्यार्थी जुन्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि वाचू नंतर म्हणून निघून जातात. कुमुदताई त्यांच्यावर रागावत नाहीत. त्यांना एकदम वेखंडाचा वास येतो, आणि वाचनालयामागची ती लांबट खोली आठवते.

त्या खोलीत भिंतभर रुमाल होते. रुमाल म्हणजे जुन्या कागदांची फडक्यात बांधलेली गाठोडी. तालुक्यातल्या घराघरांतून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या चुलीपाशी जळणात निघालेले कागद गुरुजींनी सायकलवरून गोळा करून आणले होते. कसर लागू नये म्हणून प्रत्येक गाठोड्यात वेखंडाचा तुकडा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज दुपारी तिथे बसत. पगार नाही, खुर्चीला एक हात नाही, आणि तक्रार तर मुळीच नाही.

गुरुजींची स्वतःची टिपणं लग्नपत्रिकांवर असत. पत्रिका आली की तिची पाठकोरी बाजू ते बेतशीर कापून घेत. त्यामुळे एका अंगाला पेशवाईतलं पत्र आणि दुसऱ्या अंगाला कुणा चि. सौ. कां.चा शुभविवाह, असा सगळा कारभार होता. कुमुदला पहिल्या दिवशी हसू आवरलं नव्हतं.

तिला पहिले पंधरा दिवस त्यांनी पेन धरू दिलं नाही. पत्र वाचायचं, उपडं ठेवायचं, आणि त्यात काय होतं ते तोंडी सांगायचं. सांगताना एक शब्द पदरचा आला की गुरुजी टेबलावर टिचकी मारत.

“‘बहुतेक’ म्हणालीस. पत्रात ‘बहुतेक’ आहे?”

“नाही.”

“मग परत सांग.”

एम. ए. झालेल्या मुलीला ही बालवाडी वाटली तर नवल नव्हतं. सोळाव्या दिवशी पेन हाती आलं आणि ती सुटलीच. दिवसाला दहा दहा कार्डं. गुरुजी म्हणत, जरा हळू, हे कोण म्हणतं ते आधी बघ. ती म्हणे, हो. आणि पुन्हा दहा.

आता मात्र ते एकाच कार्डावर अडून बसले होते. कार्ड चिंचबारवेचं होतं. गावाबाहेर चिंचेखाली पायऱ्यापायऱ्यांची दगडी विहीर आहे, तीच. आणि कार्डावरचं शेवटचं वाक्य असं होतं: या बारवेचे पाणी कधी कोणास नाकारले गेले नाही.

कुमुदच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका वाक्यावर उभं होतं. पुण्याच्या चर्चासत्रात तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. प्रकरण टाइप होऊन आलं होतं, मार्गदर्शकांची सही झाली होती, आणि प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते.

“सातवा रुमाल काढ,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, मी वाचलंय ते पत्र. दोनदा.”

“मग तिसऱ्यांदा वाच. मोठ्यानं.”

कुमुदनं गाठ सोडली. बारावं पत्र काढलं. तिला मोडी आता झरझर वाचता येत होती, आणि ती तशीच वाचू लागली.

“‘चिंचेखालील बारवेचे काम सिद्धीस गेले. पाणी गोड लागले. गावास सोय जाहली. कळावे...’”

ती थांबली.

“पुढे?”

“पुढे... मिती आहे.”

“मागच्या बाजूला?”

तिनं पत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

कुमुदनं पत्र पुन्हा सुलटं केलं आणि पहिल्यापासून वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. बोट ठेवून वाचायची वेळ तिच्यावर दुसरीनंतर आली नव्हती.

“हा कोपरा बघा, गुरुजी. कसरीनं खाल्लाय. दीडेक ओळ गेलीय. ते वाक्य तिथे असेल.”

“कसरीनं काय खाल्लं ते कसरीलाच ठाऊक.”

“पण असू शकतं ना?”

गुरुजींनी टिचकी मारली नाही. नुसतं बघत राहिले. टिचकी परवडली असती, असं कुमुदला वाटलं.

मग तिला एकदम आठवलं, आणि ती उठलीच. पिशवीतून तिनं एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. बत्तीस पानांची, पिना गंजलेल्या. गावाविषयी गुरुजींनीच बावीस वर्षांपूर्वी लिहिलेली. पुण्यात ती पहिल्यांदा तिच्या हाती पडली होती, आणि ती वाचूनच तिनं हे गाव गाठलं होतं.

“हे बघा! पान एकोणीस. ‘या बारवेचे पाणी कधी कोणास नाकारले गेले नाही.’ शब्द न् शब्द तेच. तुम्हीच लिहिलंय!”

“हो.”

“मग?”

“मग तू पत्राच्या नावावर का लिहिलंस?”

कुमुद उभीच राहिली. पुस्तिकेतलं वाक्य तिला पाठ झालं होतं. गावात ते कुणाला पाठ नव्हतं? बारवेच्या तोंडाशी निळी पाटी होती, तिच्यावर तेच वाक्य पांढऱ्या अक्षरांत होतं. पंधरा ऑगस्टला शाळेतली पोरं भाषणात तेच म्हणत. पत्र वाचता वाचता ते तिच्या पेनात उतरलं होतं, आणि ते पत्रातलं नाही हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिचे कान गरम झाले. चारशे बारा कार्डांत अजून कुठे कुठे असं झालं असेल?

“चूक झाली,” ती हळू आवाजात म्हणाली. “संदर्भ बदलते. पत्राऐवजी पुस्तिकेचा देते. वाक्य काही जात नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्ही कुठेतरी वाचलंच असणार.”

गुरुजी वर फळीकडे बघत होते.

“हो ना, गुरुजी?”

...

बाहेर वाचनालयात कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली. गुरुजी उठले. फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला. झाकण उघडायला जरा जोर लावावा लागला. ‘च’च्या कप्प्यात बोटं घालून त्यांनी एक टिपण काढलं आणि कुमुदपुढे सरकवलं.

एका अंगाला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त होता, गोरज. दुसऱ्या अंगाला गुरुजींचं जुनं, ठसठशीत अक्षर. वर अवतरणचिन्हांत पत्राच्या तीन ओळी, जशाच्या तशा. खाली रुमालाचा क्रमांक. त्याच्याही खाली ते वाक्य.

त्या वाक्याला अवतरणचिन्ह नव्हतं. क्रमांक नव्हता. काहीच नव्हतं.

कुमुदनं टिपण उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. विचारू की नको असं तिला झालं. तीन महिने ज्या प्रश्नाची तिला चीड येत होती, तो आता तिलाच विचारावा लागणार होता.

“हे कोण म्हणतं, गुरुजी?”

गुरुजी खुर्चीत बसले. कपाळावरचा चष्मा हाताला लागला तसा त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

“माझी आई त्या बारवेवर जायची. मी बरोबर असायचो. पाचसहा वर्षांचा असेन.”

“मग?”

“आमच्या वस्तीतल्या बायांनी वरच्या पायरीशी घागर ठेवायची आणि लांब उभं राहायचं. खालून येणारीनं ओतलं तर ओतलं. नाही तर ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबायचं.” ते जरा थांबले. “आई मला सांगायची, पाणी गोड आहे रे फार, थांबायला हरकत नाही.”

कुमुद हळूच खाली बसली.

“पुढे शिकलो. मोडी शिकलो. हे पत्र सापडलं त्या दिवशी ‘गावास सोय जाहली’ एवढं वाचलं आणि मला इतका आनंद झाला... ‘गावास’ म्हटलंय, म्हणजे आम्हीही आलोच की त्यात! आधी सगळं बरं असेल, मधेच कुणीतरी बिघडवलं असेल. पेन हातात होतं. लिहून गेलो. छापताना बघितलं, तर माझ्याच अक्षरात होतं. मग शंका कशाची घ्यायची?”

“कुणी विचारलं नाही तुम्हाला?”

“पाटी लावली की गं त्यांनी. ज्यांच्या घरच्या बाया खालून यायच्या, त्यांनीच हार घातला मला. वाक्य सगळ्यांनाच आवडलं.”

हे सांगताना गुरुजी हसले. ते हसू कुमुदताईंना अजून आठवतं, आणि ते आठवलं की त्यांना शिकवता शिकवता मधेच थांबावं लागतं.

तेव्हा मात्र कुमुदच्या मनात वेगळंच आलं. माझं कार्ड परवापासून यांच्याकडे आहे. हे गप्प बसले असते, तर आठ दिवसांनी माझा प्रबंध गेला असता. उद्या कुणीही म्हटलं असतं, गुरुजी नुसतं म्हणत नव्हते, पत्रच तसं आहे, दाभाडेबाईंनी ते स्वतः वाचलंय. गुरुजींचं वाक्य कायमचं खरं झालं असतं.

“तुम्ही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं,” ती म्हणाली.

“हो ना. दोन रात्री तोच विचार केला.”

...

कुमुदनं पिशवीतून टाइप केलेलं तिसरं प्रकरण काढलं. ते पान तिला शोधावं लागलं नाही, आपोआप उघडलं. वाक्याखाली तिनंच हौसेनं रेघ ओढलेली होती. तिला रडू येत होतं, आणि ते प्रकरणासाठी की पायरीपासून लांब उभ्या असलेल्या त्या बाईसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं लाल शाईच्या पेनचं टोपण काढलं आणि वाक्याच्या पहिल्या अक्षरावर टोक टेकवलं.

गुरुजींनी तिच्या हातावर हात ठेवला.

“खोडू नकोस.”

“पण ते खरं नाहीये, गुरुजी.”

“नाहीये.”

“पुरावा नाही. पत्रात नाही. कुठेच नाही.”

“कुठेच नाही.”

“मग ठेवू कसं?”

गुरुजींनी आपलं लग्नपत्रिकेवरचं टिपण जवळ ओढलं. वाक्याखालच्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग ते टिपण आणि पेन दोन्ही कुमुदपुढे केलं.

“ते कुणाला हवं होतं, तेवढं खाली लिही.”