बाण कुणाच्या अंगावर?

ड्रॉइंग अजून हातानं काढत असत, तेव्हाची ही गोष्ट. पेन्सिलताईनं पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग काढलं. झाकणाच्या कडेनं गोलात बोल्टची आठ भोकं होती, सगळी एका मापाची. तिनं त्यातल्या एकावर बाण काढून लिहिलं, '८ भोकं, १० मिमी, समान अंतरावर.'

झालं! उरलेली सात भोकं भडकली. "आम्ही काय फुकट आलोय? आमचं माप आमच्याजवळ लिहा!"

"बरं बाबांनो, लिहिते," म्हणत पेन्सिलताईनं प्रत्येकाला बाण दिला, माप दिलं, शेजाऱ्यापासूनचं अंतरही दिलं. बाणांवर बाण चढले, आकड्यांत आकडे घुसले.

ड्रिलमामांनी कागद पाहून कपाळाला हात लावला. "हे ड्रॉइंग आहे की कावळ्याचं घरटं?" तरी डोळे ताणून त्यांनी भोकं पाडली. आकड्यांच्या गर्दीत अंतरं चुकीची वाचली गेली, भोकं जागेवरून सरकली. झाकण पंपावर ठेवलं, तर तीनच बोल्ट आत गेले. झाकण भंगारात गेलं.

कागदावरच्या भोकांचे चेहरे उतरले. सगळ्यात मोठ्यानं ओरडलेलं भोक हळूच म्हणालं, "ताई, पुसा ते सगळं. एकच बाण पुरे. माझ्यावर नसला तरी चालेल."

खोडरबर फिरलं, एकच बाण उरला. नवं झाकण तयार झालं, आठही बोल्ट सुळकन आत गेले आणि पंप धो धो पाणी फेकू लागला.

ड्रिलमामांनी हसत झाकणावरच्या भोकांना विचारलं, "काय रे पोरांनो, तो बाण तुमच्यातल्या कुणावर होता?"

आठही भोकं एकमेकांकडे बघत राहिली. कुणालाच सांगता येईना.