अध्यक्षांच्या खुर्चीवर रुमाल

जुनं बसस्थानक पाडून नवं बांधायचं ठरलं. भूमिपूजनाच्या मंडपात अध्यक्ष ढमालेसाहेबांनी स्थानकातल्या दुकानदारांना ठणकावलं, "इथून उठलात की जागेवरचा हक्क संपला!" म्हातारे दुकानदार शेळपटासारखे माना डोलवत राहिले. रसवंतीवाल्या शेवंताचं मात्र डोकं फिरलं. तिच्या घरची चूल त्याच जागेच्या जिवावर पेटत होती.

साहेब नारळ फोडायला उठले. तेवढ्यात एसटीत जागा धरतात तसा शेवंताने त्यांच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि खुशाल बसली.

"ए बाई, ऊठ! माझी खुर्ची आहे ती. नारळ फोडण्यापुरता उठलो होतो मी!"

"आम्हीपण बांधकामापुरतेच उठतोय, साहेब. मग जागा कुणाची?"

मंडपात शिट्ट्या घुमल्या. साहेब उभ्यानेच माइकवर पुटपुटले, "नवे गाळे आधी जुन्या दुकानदारांना."

मगच शेवंता उठली. टाळ्या वाजवायला म्हातारे सगळ्यांच्या पुढे!