विखारी हे नाव कुणी ठेवलं

मी सांगितलं ते देवळाच्या कमिटीतल्या एकाही बाप्यानं खरं मानलं नाही. पाटी रंगवून मोकळे झाले, 'देवीने विष गिळले व गावास अन्न दिले.' तुम्ही पाहुणे ती वाचून हात जोडता. जोडा. पण मग खाली दर्याकाठच्या खडपात उतरा, ओहोटी आहे. दगडाला चिकटलेली ही काळी, अंगठ्याएवढी शंखातली गोगलगाय, हिला आम्ही विखारी म्हणतो. विखार म्हणजे विष. मीठ घालून उकडायची, सुईनं ओढून खायची. इतकी गोड वस्तू आणि नाव हे असलं. का, ते मला सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार मागे एका साली वादळात होड्या फुटल्या, खारं पाणी शिरून भात गेलं, असं सांगतात. गाव उपाशी. बायका खडपात उतरायला निघाल्या, तेव्हाच देवळातल्या मानकऱ्याच्या अंगात आलं म्हणे. त्याला काय, भूक लागली की अंगात यायचं. देवी त्याच्या तोंडून बोलली, खडपातले काळे शंख विखारी आहेत, खाल तर मराल. झालं. गावातले मिशाळ गडी माना डोलवून घरी गेले आणि रिकाम्या पातेल्यांपुढे बसले.

आवडू म्हणून एक बाई होती. तिचं धाकटं मूल त्या भीतीपायी उपाशी गेलं. थोरली मुलगी उरली, तिचीही मान ठरेना. घोटभर पेज मागायला आवडू मानकऱ्याच्या परसात गेली, तर केळीखाली शंखांच्या टरफलांचा ढीग. ओला, वर माशा. त्याच्या घरात सात माणसं, सातही धडधाकट.

तिनं खडपात जाऊन टोपलीभर विखाऱ्या काढल्या, देवळासमोर चूल मांडली आणि भर दुपारी उकडल्या. मानकरी धावत आला, देवी कोपेल म्हणाला. आवडू म्हणाली, "कोपू दे. मी इथंच बसल्ये. मेले, तर पोरीला देऊ नका."

आणि खाल्ल्या. पुढची ओहोटी लागेपर्यंत ती जागची हलली नाही. मग उठली नि मुलीला भरवलं. मुलगी जगली. बायका टोपल्या घेऊन खडपात धावल्या. बाप्ये सगळ्यांत शेवटी आले, तेही वाटा मागायला. वर म्हणाले, आता नाव तरी चांगलं ठेवू. आवडूनं ठेवू दिलं नाही.

आजही नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या मोठ्या ओहोटीला देवळासमोर चूल पेटते. आधी बायका खातात, मग मुलं, बाप्यांना तळातलं. सगळ्यांत म्हातारी बाई पहिली विखारी सुईवर धरते आणि विचारते, हा विखार कुणाचा? देवीचा नाही, दर्याचा नाही. सगळ्या बायका एका आवाजात नाव घेतात.

रुमाजी मानकऱ्याचा.