शेवंती, आई आणि पावसाचे चार महिने

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, नदी जिथे वळते तिथल्या एका लहानशा घरात शेवंती आणि तिची आई राहायच्या. आई वाळ्याचे पंखे विणायची. सोनेरी मुळ्यांचे, लालचुटुक काठाचे ते पंखे पाण्यात बुडवून हलवले, की घरभर थंडगार सुगंध दरवळायचा. उन्हाळ्यात लांबलांबून लोक ते घ्यायला यायचे.

पण पावसाळ्यात पंखे कोण घेणार? आणि नेमक्या त्याच दिवसांत आईची बोटं सुजायची. तिला संधिवात होता. वैद्यबुवांनी केव्हाच सांगितलं होतं, "मंजुळाबाई, हे दुखणं जायचं नाही. औषध बारा महिने घ्या आणि बेतानं राहा." औषध बारा महिन्यांचं, कमाई मात्र उन्हाळ्यापुरती.

एका सकाळी शेवंतीने पाहिलं, तर आई काढ्याच्या बाटलीत पाणी मिसळत होती.

"हे काय गं, आई?"

"दसऱ्यापर्यंत पुरायला हवा ना, बाळा."

आई बाटलीला बूच लावायला गेली, तर ते बोटांतून निसटलं. शेवंतीने ते उचलून लावलं. दर पावसाळ्यात तेच तेच बोलून दोघी दमल्या होत्या.

मग शेवंती डोक्यावर पानांचं इरलं घेऊन टाकळ्याची भाजी खुडायला जुन्या बागेत गेली. तिथे गुलाबी तेरडा फुलला होता. गवताच्या पात्यापात्यावर पाण्याचे मणी लुकलुकत होते. कर्दळीच्या पानाखाली काहीतरी थरथरताना दिसलं. शेवंतीने वाकून पाहिलं. इवलीशी परी होती ती! तिचे चतुरासारखे पारदर्शक पंख भिजून अंगाला चिकटले होते.

शेवंतीने डोक्यावरचं इरलं काढून तिच्यावर धरलं आणि सर ओसरेपर्यंत स्वतः भिजत उभी राहिली.

पंख सुकले तशी परी चांदीच्या घुंगरासारखी हसली. "शेवंती, तुला तीन इच्छा देते. पण माझे नियम आहेत हं. जन्माचं दुखणं मला काढता येत नाही. नसलेलं काही आणता येत नाही. एका दिवसातलं उचलून दुसऱ्या दिवसात ठेवायचं, एवढंच मला येतं."

"मग आईचे हात एक दिवस तरी बरे कर!"

"ते बळ तिच्या पुढच्या दिवसांतून घ्यावं लागेल, सोनुली."

"चालेल!" शेवंती घाईने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई गाणं गुणगुणतच उठली. तिने शेवंतीची घट्ट वेणी घातली आणि संध्याकाळपर्यंत पंधरा पंखे विणले. घर कसं उजळून निघालं! पण नंतरचे पाच दिवस आईला कूसही बदलता येईना. पंखे तसेच कोपऱ्यात पडून राहिले. पावसात त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

शेवंतीने रडत रडत परीची सगळी गोष्ट सांगितली. आईने सुजलेल्या हाताने तिचे डोळे पुसले. "माझ्या अंगात बळ थोडंच आहे गं. ते रोज थोडं थोडं वापरावं लागतं. तू चुकलीस असं नाही, राणी. मलाही दर वेळी हा मोह होतोच."

शेवंती पुन्हा बागेकडे निघाली. वाटेत नदीकाठी नागूतात्या नावाडी घोंगडी पांघरून कुडकुडत बसले होते. पलीकडच्या तीरावर माणसं त्यांना हाका मारत होती.

"तात्या, नाव नाही सोडत?"

"ताप भरलाय, पोरी. वल्हं उचलत नाही." तात्यांचा आवाज खोल गेला होता. "नदी भरलेली असते तेवढेच माझे कमाईचे दिवस. हेही असेच गेले, तर उन्हाळ्यात खायचं काय?"

शेवंती धावतच बागेत गेली. "परीताई, तात्यांना आज बळ दे. माझ्या दिवसांतलं घे."

"तू दमशील."

"दमेन. दोन दिवस निजेन."

परीने बोट फिरवलं. तिकडे तात्या ताडकन उठले आणि दिवसभर नाव वल्हवत राहिले. इकडे शेवंती कशीबशी घरी पोचली आणि अंथरुणावर पडली. तिचे पाय शिशासारखे जड झाले होते. दिवसभर हात चालवून आईला संध्याकाळी कसं वाटत असेल, ते तिला आता कळलं.

तिसऱ्या दिवशी तात्या दारात आले. खांद्यावर तांदळाचं गाठोडं होतं. "मला एकाएकी बळ कुठून आलं, पोरी? बागेकडे धावत गेली होतीस ना तू?"

शेवंतीने खरं ते सांगितलं. तात्यांनी गाठोडं चुलीजवळ ठेवलं.

"नको हो तात्या," आई म्हणाली. "आम्ही हे फेडणार कधी?"

"फेडायचं कशाला? पावसाळा माझा, उन्हाळा तुमचा. नदी आटली की माझी चूल थंड असते. तेव्हा तुम्ही द्या, आता मी देतो. दोन्ही घरं मिळून वर्ष काढू."

आईने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "बसा तात्या, चहा टाकते."

अंगात त्राण येताच शेवंती तिसऱ्यांदा बागेत गेली. ऊन पडलं होतं. तेरड्याच्या पाकळ्या झगमगत होत्या.

"आता काय हवं, छोटुकले?"

"ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी आईला निजता यावं. आणि निजल्यावर उद्याची धास्ती वाटू नये."

परीच्या डोळ्यांत मोत्यांएवढी आसवं चमकली. तिने एक चिमुकला मातीचा डेरा शेवंतीच्या हातावर ठेवला. "उन्हाळ्यात जेव्हा पंखे विकले जातील, तेव्हा यात मूठभर धान्य टाका. विकले नाहीत किंवा आईला दुखत असलं, तर काही टाकू नका, तो रुसायचा नाही. टाकलेलं फक्त पावसाळ्यातच बाहेर काढता येईल. जे टाकाल तेच मिळेल. मात्र घास मागणारा दारी आला, तर त्याच्या वाट्याचं मी तुमच्याच एखाद्या भरल्या दिवसातून उचलून यात ठेवीन. तुझ्या चांगुलपणासाठी मला एवढंच करता येतं."

"एवढं पुष्कळ आहे, परीताई."

परीने तिच्या कपाळाला हलकेच स्पर्श केला. तिच्या पंखांतून सोनेरी, निळा, गुलाबी उजेड झरला, पानापानांवर पसरला आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

उन्हाळा आला आणि सरला. तात्यांच्या घरची चूल एकही दिवस थंड राहिली नाही. पुढच्या पावसाळ्यात आईची बोटं पुन्हा सुजली, पुन्हा दुखली. एका सकाळी ती उठायला लागली, थोडी थांबली आणि परत आडवी झाली.

"आज नाही गं जमत, शेवंती."

"मग नको ना, आई."

आईने डोळे मिटले. बाहेर पाऊस पडत होता. चुलीजवळ डेरा भरलेला होता. भर दिवसा, कसलीही काळजी न करता, आई शांत झोपली.